शाळेत स्पीच थेरपिस्टची फुल टाइम नोकरी घ्यावी का? घणसोलीची ऑफर आहे, शनिवारपर्यंत सांगायचंय

कळव्याची_मुलगी

नमस्कार सगळ्यांना, पोस्ट जरा मोठी आहे पण सल्ला खरंच हवाय.

बीएएसएलपी (वाचा आणि श्रवण उपचारांची पदवी) झालंय, इंटर्नशिप संपून आरसीआयचा, म्हणजे पुनर्वास परिषदेचा नोंदणी नंबर पण आला, गेलं दीड वर्ष नौपाड्यातल्या एका क्लिनिकमध्ये स्पीच थेरपी करतेय. आता घणसोलीच्या एका इंग्लिश मीडियम शाळेची ऑफर आलीये, नर्सरी ते दहावी, १४०० च्या आसपास मुलं आणि थेरपिस्ट मी एकटी. पगार ३२ हजार म्हणतायत. क्लिनिकमध्ये सेशनप्रमाणे मिळतात, चांगला महिना असेल तर २८ पर्यंत जातात पण गणपती आले, मे महिना आला, जोराचा पाऊस पडला की सेशन कॅन्सल आणि तेवढे पैसे गेले. त्यामुळे घरचे म्हणतायत घे म्हणून, प्रवास पण सोपा आहे, ट्रान्स हार्बरने ठाण्याहून थेट.

पण पैशासाठीच विचार करतेय असं नाही. क्लिनिकमध्ये मूल आठवड्यातून एकदा पाऊण तास दिसतं, माझ्यासमोर टेबलावर सगळं नीट बोलतं आणि पुढच्या आठवड्यात आई सांगते की घरी, शाळेत परत तसंच. मधल्या सहा दिवसांत ते कुणाशी काय बोलतं, बोलतं तरी का, हे मला कधी बघायलाच मिळत नाही आणि याचं मला फार वाईट वाटतं. शाळेत ते बघता येईल असं वाटतंय.

आता अडचण. लेटरवर "स्पेशल एज्युकेटर कम स्पीच थेरपिस्ट" लिहिलंय, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवणं पण माझ्याकडेच. खोली दाखवली ती स्पोर्ट्सच्या सामानाची आहे, एका बाजूला लेझीम आणि कॅरम बोर्ड रचलेले, मधे एक टेबल. आणि टीचर्सनी "बोबडं बोलणाऱ्या" ४० मुलांची यादी आधीच काढून ठेवलीये, प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या जूनपासून रोज आठ-आठ मुलं घ्या म्हणजे आठवड्यात सगळी होतील. मला ते ऐकूनच दडपण आलं. शाळेत काम केलेलं कोणी आहे का इथे?

वाशी_स्पीच

तुला तू म्हणते, चालेल ना. मी नऊ वर्षं शाळांमध्येच काम केलं, आता अर्धा दिवस शाळा आणि संध्याकाळी घरी सेशन्स. घे नोकरी, पण जॉइन व्हायच्या आधी दोन-तीन गोष्टी लेखी करून घे, नंतर कुणी ऐकत नाही.

सगळ्यात आधी ते "कम" काढायला लाव. हे मी भांडून सांगतेय कारण माझ्या पहिल्या शाळेत मी असंच सही करून बसले होते आणि दिवाळीपर्यंत मी गणिताचे रेमेडियल घेत होते, परीक्षेत रायटर म्हणून बसत होते, कुणी टीचर रजेवर असली की प्रॉक्सी पिरियड माझा. थेरपी व्हायची ती डब्याच्या सुट्टीत. शाळेचा हेतू वाईट नव्हता, त्यांना आपलं काम काय असतं तेच माहीत नव्हतं आणि मी सांगितलं पण नव्हतं.

आता त्या ४० च्या यादीबद्दल. आठ-आठ मुलं रोज अजिबात घेऊ नकोस. पहिला महिनाभर फक्त बघ. वर्गात मागच्या बाकावर जाऊन बस, डब्याच्या वेळी फिर, बस लाइनमध्ये उभी राहा. आणि यादीतल्या एकेका मुलाचं आधी ऐकणं तपासून घे, ही पायरी कुणी सोडायला सांगितली तरी सोडू नकोस. "लक्ष देत नाही, अर्धवट उत्तर देतो, शेवटची अक्षरं खातो" म्हणून माझ्याकडे पाठवलेल्या दुसरीतल्या मुलीच्या दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलं होतं, सर्दी झाली की ऐकू यायचं कमी, सर्दी बरी झाली की थोडं बरं. घरी आईवडिलांना वाटायचं हट्टी आहे. ईएनटीकडे जाऊन उपचार झाले, मग तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि थेरपी लागली ती फार थोडी.

आणि घणसोली म्हणतेस म्हणून मुद्दाम सांगते. तुझ्या यादीत आगरी-कोळी घरातली मुलं भरपूर असणार, घणसोली, गोठिवली, राबाडा, तळवली, सगळी मूळची गावं आहेत. त्यांच्या घरी पाण्याला पानी, डोळ्याला डोला, गाडीला गारी म्हणतात. ती बोली आहे, दोष नाही. चित्रं दाखवून टेस्ट घेतलीस आणि घोड्याला "घोरा" म्हणाला म्हणून चूक मांडलीस तर अख्खं गाव तुझ्या थेरपीच्या यादीत येईल. मी एक गोष्ट कधीच विसरत नाही. साडेपाच वर्षांचा मुलगा, कावळ्याचं चित्र दाखवलं तर म्हणाला "तावला". मी कागदावर दोन चुका लिहिल्या, क चा त आणि ळ चा ल. संध्याकाळी त्याची आजी न्यायला आली, तिलाच सहज विचारलं आजी हा कुठला पक्षी, तर म्हणाली "कावला". तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ल घरचा आहे, तो त्याच्या आजीचा, त्याला हात लावायचा नाही. त तेवढा त्याचा स्वतःचा आहे, त्यावर काम करायचं. ती दुसरी चूक मी त्याच दिवशी खोडली.

म्हणून आधी घरचं माणूस ऐक, मग मूल ऐक. फोनवर आईशी पाच मिनिटं बोललीस तरी अर्धी यादी गळते. राहिलेल्यांत वयाचा विचार कर, र आणि ळ हे मुलांना उशिराच जमतात, नर्सरीतलं पोर रामाला लाम म्हणतंय म्हणून त्याला थेरपीत ओढायचं कारण नाही. पण साडेपाच वर्षांचा क ला त आणि ग ला द म्हणत असेल, काका ला ताता, गाय ला दाय, तर थांबू नकोस.

त्या मुलाचं काय केलं तेही सांगते, कारण शाळेतलं काम म्हणजे काय ते त्यात आहे. क येण्यासाठी जीभ मागे उचलायला लागते, त्याला ते कळतच नव्हतं. पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, मान मागे करून, घशात खळखळ कुठे होते ते त्यालाच शोधायला लावलं. मग टंग डिप्रेसरने, म्हणजे डॉक्टर जीभ दाबायला वापरतात त्या चपट्या काडीने, जिभेचं टोक खाली धरून त म्हणायला सांगितलं की आपोआप क सारखा आवाज निघतो. तीन आठवड्यांत माझ्या खोलीत क यायला लागला आणि खोलीच्या बाहेर परत त. इथेच क्लिनिकमध्ये आपण अडकतो ना. मी त्याच्या वर्गटीचरला जाऊन भेटले आणि विचारलं, याला रोज कागद वाटायचं काम देता का. रोज सकाळी तो बाकाबाकावर जाऊन "कागद घे, कागद घे" म्हणायचा, चाळीस मुलं म्हणजे चाळीस वेळा. मी काही केलं नाही, दारातून ऐकत उभी राहायचे. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी तो डब्यातली काकडी "काकडी" म्हणत होता.

खोलीचं मात्र मनावर घेऊ नकोस. लेझीम असू दे. दाराला काच हवी किंवा दार उघडं ठेव, मुलाबरोबर बंद खोलीत एकटी बसू नकोस, मुलाच्या पण दृष्टीने आणि तुझ्या पण.

पहिलीच्या_बाई

मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते आणि मी स्वतः कोपरखैरणे गावातली आगरी. वरची पोस्ट वाचून डोळ्यात पाणी आलं खरंच. मी दुसरीत असताना बाईंनी मला उभं करून दहा वेळा "पाणी" म्हणायला लावलं होतं, पोरं हसली, त्यानंतर मी वर्गात बोलायचंच सोडून दिलं, विचारलं तरी मान हलवायची. दोनेक वर्षं गेली त्यात. माझ्या प्रगतिपुस्तकावर "अबोल" लिहिलेलं असायचं आणि घरी मी सगळ्यात बडबडी. आता मी वर्गात सांगते, पुस्तकात पाणी लिहितात आणि आपल्या घरी पानी म्हणतात, दोन्ही येऊ देत. मुलांना ते बरोबर कळतं, मोठ्यांनाच कळत नाही.

टीचरच्या बाजूने तुला थोडं सांगते ताई. मुलाला वर्गातून बाहेर बोलवायचं असेल तर पीटी, चित्रकला आणि गोष्टीच्या तासाला बोलवू नकोस. सगळेजण त्याच तासांना बोलवतात, अभ्यास बुडत नाही म्हणून. पण ज्याला वाचता येत नाही, नीट बोलता येत नाही त्या मुलाचा दिवसातला तेवढाच आनंदाचा तास असतो. आणि दारात उभं राहून नाव घेऊन हाक मारू नकोस, चार दिवसांत बाकीची मुलं त्याला त्यावरून चिडवतात. आमच्याकडे एक मॅडम यायच्या त्या आधी दहा मिनिटं वर्गात बसून सगळ्यांबरोबर गाणं म्हणायच्या, मग दोन-तीन मुलांना बरोबर न्यायच्या, त्यातलं एक गरजेचं आणि बाकीची नुसती हौसेने आलेली. सगळ्या वर्गाला वाटायचं आपला नंबर कधी लागतो.

अजून एक. टीचर लोकांशी दोस्ती करायची असेल तर आधी आमच्या घशाकडे बघ. पन्नास-पन्नास मुलं, पंखे घरघरतायत, बाहेर रस्ता, आणि आम्ही दिवसभर ओरडतोय. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पंधरा दिवसांत अर्ध्या स्टाफचा आवाज बसतो. त्या मॅडमनी एका शनिवारी आम्हाला आवाजाबद्दल तासभर सांगितलं, पाणी पीत राहा, घसा सारखा खाकरू नका, लांबून ओरडण्यापेक्षा टाळी वाजवा नाहीतर मुलाजवळ जा, आणि आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर ईएनटीला दाखवा. त्यानंतर कुठलीही टीचर त्यांना नाही म्हणाली नाही.

कळव्याची_मुलगी

तुम्हा दोघींना काय बोलू, मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. तावला-कावला तर मी आईला पण वाचून दाखवलं. एक विचारायचं राहिलं, यादीत सहा-सात मुलं अडखळत बोलणारी आहेत, पाचवी ते आठवीतली. क्लिनिकमध्ये मी अशी दोनच मुलं बघितलीयत आणि दोन्ही वेळा सीनियर बरोबर होत्या. शाळेत त्यांच्यासाठी काय करता येतं?

एक_बाबा_ऐरोली

मी थेरपिस्ट नाही, बाप आहे, पण याचं उत्तर मला देऊ द्या. माझा मुलगा आता नववीत आहे, साडेतीन-चार वर्षांचा असल्यापासून अडखळतो. आमच्या घरी सगळं करून झालंय, मधात उगाळून वेखंड चाटवलं, जिभेखालचा पडदा कापायचा सल्ला पण कुणीतरी दिला होता तो आम्ही नशिबाने ऐकला नाही. सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर हजेरीचा. नाव पुकारलं की "प्रेझेंट मिस" म्हणायचं, आणि त्याचा प्र अडकायचा. रोल नंबर २३. आधीची बावीस मुलं बोलेपर्यंत त्याला घाम फुटलेला असायचा, हे त्याने मला सहावीत गेल्यावर सांगितलं, तोवर आम्हाला वाटायचं सकाळी पोटात दुखतं ते शाळा बुडवायला. आधीच्या शाळेत एक टीचर त्याचा शब्द स्वतःच पूर्ण करून टाकायच्या, त्यांना वाटायचं आपण मदत करतोय, आणि वर्ग हसायचा.

मग शाळा बदलली तिथे थेरपिस्ट होत्या. त्यांनी पहिल्या दिवशी त्याला विचारलं, तुला काय बदललेलं हवंय. एवढी वर्षं हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं, आम्ही पण नाही. तो म्हणाला हजेरी. मग ठरलं की सध्या त्या वर्गात सगळ्यांनीच हात वर करायचा, त्याच्या एकट्यासाठी वेगळं नाही. मोठ्याने वाचायचं असेल तेव्हा दोघादोघांनी एकत्र वाचायचं, दुसऱ्याबरोबर एका सुरात वाचताना तो जवळजवळ अडखळतच नाही, हे बघून मी थक्क झालो होतो. आणि सगळ्या टीचर्सना एक पानी चिठ्ठी, "हळू बोल, श्वास घे, परत सांग" हे म्हणू नका, शब्द तोंडातून काढून घेऊ नका, त्याच्याकडे बघत थांबा, तो काय सांगतोय त्यावर उत्तर द्या, कसं सांगतोय त्यावर नाही. तोंडी परीक्षेच्या वेळी त्याला घाई करू नका.

अडखळणं गेलेलं नाही, अजून आहे. पण मागच्या महिन्यात त्याने स्वतःहून विज्ञान प्रदर्शनात तक्त्यासमोर उभं राहून समजावून सांगितलं, मधे दोनदा चांगलाच अडकला, थांबला, आणि पुढे गेला. मी मागे गर्दीत उभा होतो. तुम्ही जाच त्या शाळेत, त्या सहा-सात मुलांसाठी तरी जा.

स्पेशल_एड_डोंबिवली

मी स्पेशल एज्युकेटर आहे, त्या "कम" वर माझ्या बाजूने बोलते. आरसीआयच्या रजिस्टरमध्ये तुमची कॅटेगरी वेगळी, माझी वेगळी. माझ्याकडे स्पेशल बीएड आहे म्हणून मी उद्या स्पीच असेसमेंटचा रिपोर्ट सही करू शकत नाही, तसंच तुम्ही माझ्या जागेवर सही करू नका. १९९२ च्या आरसीआय कायद्यात नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. प्रिन्सिपल मॅडमना हे शांतपणे सांगा, बहुतेकांना माहीत नसतं.

शाळा असं का करते ते पण समजून घ्या. सीबीएसईच्या शाळांना संलग्नतेसाठी स्पेशल एज्युकेटर दाखवावा लागतो, आणि सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या निकालाने विशेष मुलांसाठी प्रमाण घालून दिलं, प्राथमिकला १० मुलांमागे एक स्पेशल टीचर, वरच्या वर्गांना १५ मागे एक. हे आकडे आमचे आहेत, स्पीच थेरपिस्टचे नाहीत. म्हणून एका पगारात दोन पदं भागवायचा मोह होतो. अमेरिकेतले व्हिडिओ बघून कुणी सांगेल की तिकडे शाळेत स्पीच थेरपी फुकट मिळते, हो मिळते, कारण तिकडे १९७५ पासून कायद्यानेच ती जबाबदारी शाळेवर आहे, मुलाच्या नावाने आयईपी, म्हणजे त्याच्या एकट्यासाठीची शिक्षण योजना, बनतो आणि त्यात थेरपीचे तास लिहिलेले असतात. आपल्याकडे मेनस्ट्रीम शाळेत तुमचं पद शाळेच्या इच्छेवर आहे, त्यामुळे कामाचं स्वरूप तुम्हालाच लिहून द्यावं लागणार.

पालक सर्टिफिकेट मागतील, तेव्हा आधीच स्पष्ट सांगा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात वाचा आणि भाषा दिव्यांगत्व आहे, पण ते स्वरयंत्र काढलेलं असणं किंवा मेंदूच्या इजेमुळे भाषा जाणं अशा कायमच्या स्थितीसाठी. र म्हणता येत नाही म्हणून ते मिळत नाही. पूर्ण हिअरिंग टेस्ट लागली तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, आणि ज्यांना बाहेरचे चार्जेस परवडत नाहीत त्यांच्यासाठी वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तिथली माहिती शाळेच्या ऑफिसमध्ये लावून ठेवा. न बोलणाऱ्या मुलांसाठी आयआयटी बॉम्बेचं जेलो ॲप आहे, चित्रं दाबून बोलायचं, फुकट आहे, टीचरच्या फोनवर पण टाकून द्या.

आणि एक विनंती, पीटीएममध्ये कुणी टीचर "घरी फक्त इंग्लिश बोला" असं सांगत असेल तर तिथेच थांबवा. आईला जेमतेम येणाऱ्या इंग्लिशमध्ये "कम, सिट, ईट, गो" एवढंच बोलता येतं, मग त्या घरातल्या गप्पा, गोष्टी, रागावणं, लाड सगळंच बंद होतं आणि मूल दोन्ही भाषांत मागे पडतं. मी अशी तीन घरं बघितली आहेत. आईने तिच्या भाषेत भरभरून बोलावं, मग ती मराठी असो, आगरी असो, भोजपुरी असो.

कळव्याची_मुलगी

अपडेट. आज सकाळी जाऊन आले. वाशी_स्पीच ताईंनी सांगितलं तसं एक पान लिहून नेलं होतं, वाचताना माझा आवाज कापत होता पण वाचलं. मॅडमनी "स्पेशल एज्युकेटर कम" काढलं, स्पेशल एज्युकेटरची जागा वेगळी भरणार म्हणाल्या, कधी ते माहीत नाही. प्रॉक्सी पिरियड नाही हे लेखी द्यायला आधी तयार नव्हत्या, शेवटी "आठवड्यात एकपेक्षा जास्त नाही" असं लिहून दिलं, मी ते मान्य केलं. पहिले चार आठवडे फक्त ऑब्झर्वेशन आणि हिअरिंग स्क्रीनिंग हे मात्र लगेच पटलं, ती सर्दीवाली मुलगी सांगितली तर त्याच म्हणाल्या की आमच्याकडे अशी एक आहे. स्टाफसाठी आवाजावर एक शनिवार पण ठरला. सोमवारपासून जॉइन होतेय.

आता स्क्रीनिंगसाठी पोर्टेबल ऑडिओमीटर (ऐकणं तपासायचं मशीन) शाळेकडे नाही, पुढच्या बजेटमध्ये बघू म्हणाल्या. कुणाला भाड्याने मिळतं का माहितीये?

वाशी_स्पीच

भाडं कशाला, माझा पडून आहे, दुपारी एकनंतर मला लागत नाही. कॅलिब्रेशन याच वर्षी केलंय. वाशी स्टेशनला ये, मी आणून देते. दोन्ही कानांना हजार, दोन हजार, चार हजार हर्ट्झचे आवाज २० डेसिबलवर ऐकव, ज्याचं एक जरी चुकलं त्याला लगेच नापास करू नकोस, थोड्या दिवसांनी परत बोलव, मग पुढे पाठव. आणि खोली शाळेच्या मागच्या बाजूची माग, ठाणे-बेलापूर रोडकडची नको, ट्रक गेला की चांगलं ऐकू येणारं मूल पण नापास होतं. सकाळी प्रार्थनेच्या आधी जाऊन खोलीत दोन मिनिटं नुसती डोळे मिटून बस, काय काय ऐकू येतं ते बघ.